रियाजाचा कंटाळा: चार पत्रे आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. कोणी तबला वाजवते, कोणी पेटी, कोणी सतार; परंतु वाद्य समोर असते आणि त्याला हात लावावासा वाटत नाही, ही तक्रार प्रत्येकाने आपापल्या शब्दांत केली आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत. मी तबला शिकवणारा माणूस आहे आणि पेटीची सोबत मला आयुष्यभर लाभली आहे. सतार आमच्या घरात होती, कारण माझी थोरली बहीण ती वाजवीत असे. त्या अनुभवावरून ही उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझे वय ४१ असून मी बँकेत नोकरी करतो. शाळेत असताना तबल्याच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुढे शिक्षण आणि नोकरी यांमुळे जवळजवळ वीस वर्षे तबला माळ्यावर पडून होता. तीन वर्षांपूर्वी पुन्हा शिकू लागलो आणि तेव्हापासून रोज रात्री तासभर रियाज करीत आलो आहे. मोबाईलवर त्रितालाचा (सोळा मात्रांच्या तालाचा) लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी सतत फिरणारी धून, लावतो. दिल्लीचा ‘धाधा तिट’चा कायदा (ठरावीक बोलांची रचना), त्याचे सहा पलटे (त्याच बोलांचे फेरफार), तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे), त्यानंतर तिरकिटचा कायदा आणि शेवटी एक रेला (जलद बोलांची रचना), हा माझा क्रम ठरलेला आहे. गेल्या चार महिन्यांपासून मात्र तबल्यावरची खोळ काढतानाच कंटाळा येतो. हात चालू असतात आणि मनात दुसऱ्या दिवशीची कामे असतात. लय वाढत नाही, नवे काही सुचत नाही. गुरुजी म्हणतात, ‘करत राहा, होईल.’ तबला विकून टाकावा असाही विचार मनात येऊन गेला. काय करावे? — एक वाचक, कराड

उत्तर: तबला विकू नका. तुमच्या पत्रातील एका वाक्यातच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. ‘हात चालू असतात आणि मनात दुसऱ्या दिवशीची कामे असतात,’ असे तुम्ही लिहिले आहे. तीन वर्षे न चुकता केलेल्या मेहनतीमुळे तो कायदा तुमच्या हातांत इतका बसला आहे की आता त्याला तुमच्या लक्षाची गरज उरलेली नाही. ही मेहनतीची कमाईच आहे, ती वाया गेलेली नाही. मात्र हात स्वतंत्र झाले त्या सुमारास कानाने आपले काम सोडले, आणि कान उठून गेला की मागे उरते ती फक्त हातांची हालचाल. त्या हालचालीचा कंटाळा कोणालाही येईल. म्हणून मला तुमची अडचण आळसाची किंवा कमी पडलेल्या मेहनतीची वाटत नाही. कानाला पुन्हा कामाला कसे लावायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी तासभर बसण्याचीही आवश्यकता नाही.

सर्वांत आधी तबला सुरात आहे का ते पाहा. तुम्ही त्याचा उल्लेखच केलेला नाही, म्हणून शंका येते. मोबाईलवरचा लेहरा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) आणि तबला त्याच्या थोडा खाली किंवा वर, अशा अवस्थेत महिनोन्महिने रियाज करणारे कितीतरी विद्यार्थी मी पाहिले आहेत. तो फरक मनाला जाणवत नाही, पण कानाला खुपत राहतो, आणि खुपणारी गोष्ट ऐकायची नाही असे कान स्वतःच ठरवून टाकतो. पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे पुडी (तबल्यावरचे चामडे) सैल पडते आणि उन्हाळ्यात ती ताणली जाते. त्यामुळे गेल्या महिन्यात लावलेला तबला आजही सुरात असेल असे गृहीत धरू नये. बसल्यावर पहिली पाच मिनिटे हातोडी घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणीवर) एकेका घराचा स्वर तपासा, फार उतरला असेल तर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोका, आणि सगळीकडून चाटेचा (पुडीच्या कडेचा) ‘ना’ एकाच स्वरात बोलू लागेपर्यंत पुढे जाऊ नका. केवळ एवढ्यानेच पहिल्या आठवड्यात तुमचा निम्मा कंटाळा गेला, तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

त्यानंतर काही दिवस लेहरा बंद ठेवा. लेहरा आवश्यक आहे, पण मोबाईलवरचा लेहरा कधी श्वास घेत नाही, कधी थकत नाही आणि तुमच्याकडे कधी पाहत नाही. तो भिंतीवरच्या घड्याळासारखा होतो, ज्याची टिकटिक घरातल्या माणसांना ऐकू येईनाशी होते. त्याऐवजी हाताने टाळी-खाली (तालात टाळी देण्याच्या आणि हात रिकामा फिरवण्याच्या जागा) दाखवीत कायद्याचे बोल मोठ्याने म्हणा. पढंत हा आपल्याकडे शिक्षणाचा जुना भाग आहे आणि घरी एकट्याने रियाज करणारे सर्वांत आधी सोडतात ती हीच गोष्ट. जो बोल तोंडातून स्पष्ट येत नाही, तो हातातून स्पष्ट येत असल्याचा भास तेवढा असतो.

आता तुमच्याच कायद्याकडे वळू. ‘धा धा ति ट, धा धा तूं ना, ता ता ति ट, धा धा धीं ना’ हे मुख (कायद्याची मूळ ओळ) अगदी सावकाश, एका मात्रेत एक बोल असे वाजवा आणि त्यात फक्त डग्गा (डाव्या हाताचा, जाड आवाजाचा) ऐका. सहाव्या मात्रेवरच्या ‘धा’नंतर डग्गा गप्प होतो. सातव्यापासून बाराव्या मात्रेपर्यंत, म्हणजे पुऱ्या सहा मात्रा, त्याचा आवाज नाही, आणि तेराव्या मात्रेला तो ‘धा’बरोबर परत येतो. तीन वर्षांत हे परत येणे तुम्ही हजारो वेळा वाजवले असेल. ते कितीदा ऐकले? आठव्या मात्रेच्या पुढे खाली सुरू होते तेव्हा घरातला दिवा मंद व्हावा तसे वाटते आणि तेराव्या मात्रेला तो पुन्हा उजळतो. ही उघडझाप कानाला सुखद वाटू लागली की एवढ्या सोळा बोलांत अर्धा तास कसा गेला हे कळत नाही. मी हे नव्या विद्यार्थ्यांना सांगत नाही, कारण त्यांचे हात अजून झगडत असतात. तुमचे हात मोकळे झाले आहेत, म्हणूनच तुम्हाला हे सांगता येते.

दुसरी गोष्ट पलट्यांची. तुम्हाला सहा पलटे येतात आणि ते गुरुजींनी दिलेले आहेत. सातवा स्वतः करा. कायद्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: मुखात असलेले बोलच वापरायचे, खाली-भरी (डग्गा गप्प असलेला आणि बोलता असलेला भाग) सांभाळायची आणि शेवट मुखाप्रमाणे ठेवायचा. हा नियम म्हणजे बंधन आहे असे अनेकांना वाटते, पण ज्याला काही सुचत नाही त्याला या नियमाचाच आधार असतो, कारण कोठून सुरुवात करायची याची चिंता राहत नाही. उदाहरणादाखल ‘धा ति ट, धा ति ट, धा धा’ असे तीन-तीन-दोन मात्रांचे गट करून आठ मात्रा भरा आणि पुढे ‘धा धा ति ट धा धा तूं ना’ जोडा. खालीच्या वेळी ‘ता ति ट, ता ति ट, ता ता’ म्हणून ‘धा धा ति ट धा धा धीं ना’वर परत या. बोल तेच आहेत, वजन मात्र बदलले. आता दोन-तीन-तीन करून पाहा, तीन-दोन-तीन करून पाहा. वहीत लिहा, आधी म्हणा, मग वाजवा. यांतले काही पलटे वाईट निघतील आणि ते वाईट का वाटतात हे गुरुजींना विचारा. ‘करत राहा’ एवढेच म्हणणारे गुरुजीही विद्यार्थ्याने स्वतःचा पलटा समोर ठेवला की वेगळे बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

तिहाईचेही तसेच. पाठ केलेली तिहाई वाजवण्यापेक्षा तिचा हिशेब करण्यात अधिक गोडी आहे, आणि तुम्ही तर आकड्यांत वावरणारे आहात. त्रितालात समेपासून समेपर्यंत, दोन्ही समा धरून, सतरा मात्रा होतात. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोन ठिकाणी एकेक मात्रा थांबणे, म्हणजे पंधरा अधिक दोन, असे सतरा. म्हणून ‘धा धा तूं ना धा’ समेपासून उचलून प्रत्येक वेळी एक मात्रा थांबलात, तर तिसरा शेवटचा ‘धा’ नेमका समेवर येतो. खालीपासून उचलायचे असेल तर नऊ मात्रा हाती असतात. तेथे ‘ति ट धा’ न थांबता तीनदा घेतले की सम मिळते. झपतालात (दहा मात्रांच्या) समेपासून समेपर्यंत अकरा मात्रा, म्हणून तीन मात्रांचा तुकडा आणि एकेक मात्रेचे दोन विराम. रूपकात (सात मात्रांच्या) आठ, म्हणून दोन मात्रांचा तुकडा आणि तसेच विराम. रूपकाची समच खालीवर असल्यामुळे तेथे उतरताना एक वेगळाच झोका बसतो. तो प्रत्यक्ष अनुभवावा. कार्यालयात जाता-येता बसमध्ये मांडीवर बोटे ठेवून हे हिशेब करता येतात. मी आजही करतो.

माझ्यावरही असा काळ येऊन गेला आहे. विशारद झाल्यानंतर सुमारे दीड वर्ष तबला समोर घ्यावासा वाटत नव्हता. परीक्षेसाठी इतके कायदे, गती, तुकडे आणि चक्रदार घोटले होते की परीक्षा संपल्यावर त्यांचे काय करायचे हेच कळेना. त्याच वेळी एका वयोवृद्ध गायिकेच्या शिकवणीत साथीला बसण्याचे काम मिळाले आणि पैशांची गरज होती म्हणून मी ते घेतले. वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, विलंबित (अगदी संथ) एकतालाचा ठेका, म्हणजे बारा मात्रांच्या त्या तालाचे मूळ बोल. तेथे हाताला दाखवण्यासारखे काहीही नव्हते. पहिले काही दिवस मी अक्षरशः मात्रा मोजत बसलो होतो. पुढे हळूहळू लक्षात येऊ लागले की बाई समेवर येताना शेवटच्या दोन मात्रांत स्वर किंचित मागे ओढतात, आणि त्या वेळी ठेक्यातला ‘धी ना’ जरा हलका ठेवला तर समेवरचा ‘धिं’ त्यांच्या स्वराखाली अलगद बसतो. त्यांनी कधी मान हलवली नाही की कौतुक केले नाही. डग्गा जड झाला तर मात्र गाणे थांबवून त्या माझ्याकडे नुसते पाहत असत. त्या वर्षाने मला तबला परत दिला. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यासारखा एकल वादनातला थोर कलावंत बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अनेक वर्षे नाट्यपदांना साथ करीत होता, हे मी तेव्हा नुसते वाचून सोडून दिले होते. त्यात त्यांना काय मिळत असेल, याची थोडीशी कल्पना त्या खोलीत बसून आली.

म्हणून कराडमध्ये किंवा आसपास कोणाला साथीची गरज आहे का, ते शोधा. गाण्याचा वर्ग, भजनी मंडळ, पेटी वाजवणारे एखादे निवृत्त गृहस्थ, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा दुसऱ्यासाठी ठेका धरायचा आणि उरलेल्या दिवशी एका तासाऐवजी वीस मिनिटेच बसायचे. वीस मिनिटे संपली की मन आणखी मागत असले तरी उठायचे, असे निदान महिनाभर करा. मेहनत वाढवा असा सल्ला तुम्हाला इतर कोणी दिला असेल. माझे मत त्याच्या उलट आहे. चाळीस-चाळीस दिवस एकांतात बसून चिल्ला करणाऱ्यांच्या गोष्टी आपण आदराने ऐकतो, पण ते रियाज ज्यांच्या दिवसात दुसरे काही नव्हते अशा लोकांचे होते. रात्री साडेनऊला बँकेतून थकून आलेल्या माणसाने तो मापदंड स्वतःला लावू नये.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढून सांगतो. मनगट किंवा कोपर दुखत असल्यामुळे बसावेसे वाटत नसेल, तर तो कंटाळा नव्हे. रियाज थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि तबल्याबरोबरच जेवण, झोप, मित्रमंडळी, यांतलेही मन उडाले असेल, तर ते तबल्याचे दुखणे नाही. त्याविषयी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी वेळेवर बोला. तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही, पण हे सदर इतरही लोक वाचतात.

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे. तिसरीपासून ती पेटी शिकते. ‘प्रवेशिका प्रथम’ ही परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली. आता प्रवेशिका पूर्णची तयारी आहे, पण रागाची छोटी गत (वाद्यावर वाजवायची बांधलेली रचना) आणि ताना म्हटल्या की ती तोंड वाकडे करते. तेच ते वाजवून कंटाळा आला म्हणते. मात्र मी स्वयंपाकघरात गेले की चित्रपटातल्या गाण्यांच्या चाली तासन् तास शोधत बसते. आम्ही तिला रागावतो, कारण एवढी चार वर्षे फुकट जाऊ नयेत असे वाटते. — एक आई, डोंबिवली

उत्तर: ताई, तुमच्या मुलीला पेटीचा कंटाळा आलेला नाही, हे तुमच्याच पत्रावरून स्पष्ट दिसते. ज्या मुलीला पेटीचा कंटाळा आला आहे, ती आई आत गेल्याबरोबर पेटी मिटून ठेवील. ही मुलगी तर उलट तेव्हाच खरी वाजवू लागते. तिला राग येतो तो कागदावर लिहिलेले स्वर दिलेल्या क्रमाने दाबण्याचा. गाण्याची चाल शोधताना ती काय करते, ते एकदा दाराआडून ऐका. चाल मनात आहे, पहिला स्वर चुकतो, पुन्हा शोधते, कोमल की शुद्ध हे कानाने ठरवते, भात्याचा जोर कमी-जास्त करते. संगीतशिक्षणात याहून मोलाचे काम दुसरे नाही, आणि चार वर्षे फुकट गेलेली नाहीत याचा पुरावा तेच आहे.

तेव्हा तिला रागावणे आजपासून बंद करा. गाणी उघडपणे वाजवू द्या आणि शोधलेले गाणे पांढरी एकऐवजी काळी एकपासून किंवा पांढरी चारपासून वाजवायला सांगा. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत चाल नेताना स्वरांमधली अंतरे आपोआप कळतात, आणि पेटीवादकाला साथीसाठी जे सर्वांत आधी लागते ते हेच. ज्या रागाची गत तिला नको वाटते, त्या रागावर आधारलेले एखादे गाणे तिच्या शिक्षकांना विचारा आणि आधी ते शोधू द्या. गत नंतर दिली की ती ओळखीची वाटेल.

परीक्षेविषयी माझे मत अनेक पालकांना आवडत नाही, तरी सांगतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. या सत्रात फॉर्म भरला नाही तर पुढच्या सत्रात भरता येतो आणि मुलीचे काहीही बिघडत नाही. परीक्षांनी महाराष्ट्रात घरोघरी पेटी आणि तबला पोहोचवला, हे ऋण मी मानतो. मीही त्याच पायऱ्यांनी चढलो. पण बारा वर्षांच्या मुलांना सहा-सहा महिने तोच अभ्यासक्रम घोटायला लावून पास झाल्यानंतर वाद्य कायमचे बंद केलेली घरे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पेढे वाटले जातात, प्रमाणपत्र चौकटीत लागते आणि पेटीवर इस्त्रीचे कपडे ठेवले जातात. ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, म्हणून इतके स्पष्ट लिहितो.

गणपतीत घरच्या आरतीला तिला पेटी घेऊन बसवा. आरती म्हणणारे दहाजण दहा पट्ट्यांत जातात, कोणी लय वाढवतो, कोणी शब्द चुकतो. त्यांना सांभाळून घेत वाजवताना जे शिकायला मिळते ते कोणत्याही पाठात नाही. आणि घरी कधीतरी गोविंदराव टेंबे, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्या पेटीची ध्वनिमुद्रणे लावून ठेवा. तिला ऐकायला बसवू नका; घरात नुसती वाजत राहू द्या.

प्रश्न: मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. तरुणपणी सहा वर्षे सतार शिकले होते. संसारात ती मागे पडली आणि पंधरा वर्षे खोळीत भिंतीला टेकून उभी होती. गेल्या वर्षी नव्या तारा लावून घेतल्या आणि पुन्हा सुरुवात केली. आनंद होईल असे वाटले होते, पण पाच मिनिटांत उत्साह संपतो. बोटे दुखतात, आवाज पूर्वीसारखा येत नाही, एका गतीच्या पुढे काही आठवत नाही. या वयात हा हट्ट धरावा का? — एक वाचक, अमरावती

उत्तर: हट्ट अवश्य धरावा, मात्र आधी सतारीकडे पाहावे आणि मग स्वतःकडे. आवाज पूर्वीसारखा येत नाही याचा दोष तुम्ही आपल्या हातांना दिला आहे. माझा संशय जवारीवर, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या घासून घडवलेल्या पृष्ठभागावर, आहे. भोपळ्याजवळच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग, मग तो हाडाचा असो किंवा हल्ली मिळणाऱ्या कृत्रिम पदार्थाचा, तारांच्या घर्षणाने झिजतो आणि त्यावर बारीक चरे पडतात. तार त्या चऱ्यांत बसली की तिचा झंकार मरतो आणि आवाज आखूड, बोथट होतो. नव्या तारा लावल्या तरी जुन्या जवारीवर त्या बोलणार नाहीत. जवारी घासून पुन्हा खुली करून देणारा कुशल कारागीर हवा. पंधरा वर्षांत पडदे बांधलेला दोरा सैल होऊन एखादा पडदा सरकलेला असू शकतो, तोही त्याच वेळी तपासून घ्यावा. माझ्या बहिणीची सतार दर काही वर्षांनी मिरजेला जात असे आणि परत आली की पहिला तास ती नुसती बाजाच्या (मुख्य) तारेवर षड्‌ज छेडीत बसे. आम्हा भावंडांना तेव्हा ते विचित्र वाटायचे. मिरजेतील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून हे काम पिढ्यान् पिढ्या केले आहे, पंढरपूरच्या बाजूला पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांवर त्यांची सतार आणि तंबोरा उभा राहतो, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथपर्यंत जाणे शक्य नसेल तर नागपुरात चौकशी करावी. जवारी लागलेली सतार आणि न लागलेली सतार ही दोन वेगळी वाद्ये आहेत, असे समजून हा खर्च पहिल्यांदा करावा.

बोटांविषयी: पूर्वी पडलेले घट्टे गेले आहेत आणि ते पुन्हा पडेपर्यंत दुखणार. त्यावर उपाय एकच, थोडा वेळ आणि वारंवार. सकाळी सात-आठ मिनिटे, संध्याकाळी सात-आठ मिनिटे. त्वचा फाटू लागली तर दोन दिवस विश्रांती घ्यावी. मात्र दुखणे बोटाच्या टोकाला नसून सांध्यात असेल, तर या वयात ते अंगावर काढू नये.

आणि जी गत आठवत नाही, तिच्या मागे आता लागू नका. विसरलेल्या गतीचा पाठलाग करताना माणूस सारखा पंचविशीतल्या स्वतःशी तुलना करीत राहतो आणि त्या तुलनेत आजचा हात नेहमी हरतो. तुमच्या पाच मिनिटांत संपणाऱ्या उत्साहाचे कारण मला हेच वाटते. त्यापेक्षा यमन किंवा भूप घ्या आणि तीन-चार स्वरांत आलाप करा. भूपात ‘सा रे ग’ एवढेच. प्रत्येक स्वर छेडल्यानंतर तो विझेपर्यंत थांबा. तरफेच्या (मुख्य तारांखालच्या, आपोआप घुमणाऱ्या) तारा सुरात असतील तर त्या मागून उत्तर देतील. पुढचा स्वर त्यानंतरच. पडद्यावर तार ओढून ‘रे’वरून ‘ग’ला मिंडेने (स्वर न तोडता सरकत) जाऊन पाहा आणि तो ‘ग’ खरोखर ‘ग’पर्यंत पोहोचला का, ते ‘ग’चा पडदा वाजवून तपासा. वेगाची गरज नाही, आठवणीची गरज नाही, आणि तीस-चाळीस वर्षे संसार आणि वर्ग सांभाळलेल्या माणसाजवळ जो धीर असतो, तो विशीतल्या विद्यार्थ्याजवळ नसतो. आलापाला तोच लागतो.

प्रश्न: मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरात गिटारवर पाच-सहा गाण्यांचे कॉर्ड बसवले. आता तीच गाणी वाजवून कंटाळा आला आहे. गिटार सोडून बासरी घ्यावी असे वाटते. घ्यावी का? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: बासरीचा आवाज ऐकून तुम्ही कधी चालता चालता थांबला असाल, तर बासरी जरूर घ्या. पण केवळ गिटारचा कंटाळा आला म्हणून घेणार असाल तर थांबा, कारण बासरीत पहिले कित्येक आठवडे स्वच्छ फुंक बसण्यातच जातात आणि वर्षभराने हेच पत्र बासरीच्या नावाने लिहावे लागेल. पाच-सहा गाणी म्हणजे बहुधा तेच चार-पाच कॉर्ड निरनिराळ्या क्रमाने. आतापर्यंत टाळत आलेला एखादा बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवे दाबून धरायचा), बहुतेकांच्या बाबतीत तो ‘एफ’ असतो, महिनाभर रोज दहा मिनिटे घ्या. सहाही तारा स्वच्छ वाजतात का, हे एकेक तार छेडून ऐका. त्याबरोबर त्याच गाण्यांपैकी एका गाण्याची चाल कॉर्ड न वाजवता एकेका तारेवर कानाने शोधा. तुमच्या वसतिगृहात कोणी गाणारे असेल तर त्याच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत वाजवून द्या. पट्टी बदलली की टाळलेले कॉर्ड समोर येऊन उभे राहतात. महिन्यानंतरही बासरीच आठवत असेल, तर मला पुन्हा लिहा. त्या पत्रात कोणत्या बासरीवादकाला ऐकून ती आठवते, तेही कळवा, म्हणजे सुरुवातीला कोणत्या पट्टीची बासरी घ्यावी हे सांगता येईल.